डोळ्याच्या पडद्यावरचे रक्त

११ फेब्रुवारी १९४२ रोजी शेठ जमनालाल बजाज वर्धेत वारले. मेंदूत रक्तस्राव झाला आणि पाहता पाहता सर्व आटोपले. वय अवघे बावन्न. राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात जन्मलेला हा मुलगा वर्धेच्या बच्छराज शेठजींच्या घराण्यात दत्तक आला, आणि पुढे त्याने वर्धेलाच आपलेसे केले. १९२१ साली विनोबांना येथे आणले ते त्यांनी. १९२८ साली लक्ष्मीनारायणाचे मंदिर हरिजनांना खुले केले तेही त्यांनीच. १९३६ साली गांधीजी सेगावात राहायला गेले. आयुष्याच्या शेवटी सगळे व्याप बाजूला सारून ते गोपुरीच्या झोपडीत राहत होते आणि गोसेवेत रमले होते. असा माणूस चालताबोलता गेला. सेवाग्राम तेथून जेमतेम पाच मैल. गांधीजी आले, पण सांत्वनापलीकडे करण्यासारखे त्यांनाही काही उरले नव्हते.

रक्तदाब हा शब्द वर्धेला तेव्हा नवा नव्हता. १९३५ च्या अखेरीस मगनवाडीत असताना खुद्द गांधीजींचा रक्तदाब भलताच वाढला होता आणि डॉक्टरांनी त्यांच्यावर सक्तीची विश्रांती लादली होती. पण मेंदूत रक्त फुटले म्हणजे पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी वर्धेतच काय, जगाच्या पाठीवर फार थोड्या ठिकाणी मिळण्यासारखे होते. तीनच वर्षांनी, १२ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर कळ येऊन बेशुद्ध झाले आणि त्याच दुपारी गेले. त्यांचे डॉक्टर जवळच होते. जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा अध्यक्ष आणि वर्धेच्या झोपडीत राहणारा शेठ, दोघांच्याही उशाशी वैद्यक सारखेच हात बांधून उभे होते.

आम्हा कादंबरी लिहिणाऱ्यांना हा आजार फार सोयीचा वाटतो. पात्र एका ओळीत पडते, दुसऱ्या ओळीत मरते आणि प्रकरण संपते. पण प्रत्यक्षात सगळेच मरत नाहीत. कित्येक जण वाचतात, शुद्धीवर येतात, घरी परततात. त्या वाचलेल्यांपैकी काहींच्या वाट्याला एक विचित्र अंधार येतो. त्या अंधाराचा इतिहास मला येथे सांगायचा आहे. मी वैद्य नाही, मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे. तेव्हा शास्त्रातले जे सांगायचे ते वर्गात फळ्यापुढे उभा राहून सांगावे तसे सांगेन.

आपल्या वऱ्हाडाकडे म्हणतात, ‘डोक्याची नस फुटली.’ हा शब्दप्रयोग अडाणी नाही, चांगला नेमका आहे. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक कडे असते. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस या वैद्याने १६६४ साली आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले, म्हणून ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. या कड्यात वाहिन्यांना जेथे फाटे फुटतात, तेथे कधी कधी भिंत अशक्त असते. जुन्या टायरला चीर पडली म्हणजे आतल्या ट्यूबचा फुगा बाहेर डोकावतो, तसा तेथे बोरासारखा फुगा धरतो. आपल्या परिभाषेत त्याला रोहिणीविस्फार म्हणतात, डॉक्टर लोक ॲन्युरिझम म्हणतात. फुगा वर्षानुवर्षे गप्प बसून राहतो; पुष्कळांचा तर जन्मभर फुटतच नाही. पण फुटला म्हणजे मेंदूवरच्या पातळ आवरणाखाली रक्त एकदम पसरते. डोक्यावर वीज पडावी तशी वेदना होते. तिच्यासारखी वेदना त्या माणसाने जन्मात अनुभवलेली नसते. वांती होते, मान ताठरते, पुष्कळदा शुद्ध हरपते. रक्तदाबाने मेंदूच्या आतच रक्तवाहिनी फुटणे हा वेगळा प्रकार. लोकांच्या बोलण्यात दोहोंना एकच नाव असले तरी त्यांच्या वाटा निराळ्या आहेत. या लेखाचा विषय मुख्यतः पहिल्या प्रकाराचा आहे.

आता डोळ्याकडे वळू. डोळ्याचा मेंदूशी संबंध नुसत्या शेजाराचा नाही, तो सोयरिकीचा आहे. दृष्टीचा मज्जातंतू मेंदूपासून निघून बुबुळामागच्या पडद्याला येऊन मिळतो, आणि येताना मेंदूची आवरणेही अंगावर पांघरून येतो. मेंदूभोवती जे पाणी असते तेच या म्यानातही असते. म्हणून मेंदूवर आलेले संकट डोळ्याच्या तळाशी उमटण्याचा संभव असतो. पण तो तळ पाहायचा कसा? मानवाने हजारो वर्षे एकमेकांच्या डोळ्यांत पाहिले, त्यांवर काव्ये रचली. पण बाहुलीच्या आत त्याला काळोखच दिसला. कारण साधे आहे. अरुंद दाराच्या गाभाऱ्यात डोकावणारा स्वतःच दारात उभा राहिला, तर उजेड त्याच्याच अंगाने अडतो. डोळ्यात गेलेला प्रकाश आल्या वाटेनेच परततो. त्या वाटेत डोके घातले तर प्रकाश अडतो, न घातले तर काही दिसत नाही.

हे कोडे जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झने सोडवले. हा क्योनिग्सबर्गला शरीरशास्त्र शिकवणारा प्राध्यापक होता. त्याने बाजूला ठेवलेल्या दिव्याचा प्रकाश तिरप्या काचांवरून रोग्याच्या डोळ्यात पाठवला आणि त्याच काचांतून आरपार पाहिले. १८५१ साली त्याने आपल्या यंत्राची माहिती छापून प्रसिद्ध केली. जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कातडी न कापता उघड्या डोळ्यांनी पाहता येण्याचा तो पहिलाच प्रसंग. एका शिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांना काही समजावून सांगायचे होते, त्यातून हे यंत्र निघाले, ही गोष्ट आम्हा मास्तर मंडळींना विशेष सुखावणारी आहे.

यंत्र हाती आल्यावर डॉक्टरांनी हरतऱ्हेच्या रोग्यांचे डोळे पाहावयास सुरुवात केली. १८८१ साली बर्लिनच्या मोरिट्झ लिटेन या वैद्याने लिहिले की, मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या रोग्याच्या डोळ्यांतही रक्त आढळते. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९०० साली, आल्बेर तेर्सों या फ्रेंच नेत्रविशारदाने तशीच हकीकत प्रसिद्ध केली. बुबुळाच्या आत जो काचेसारखा स्वच्छ, घट्टसर रस असतो, त्या रसातच रक्त उतरले होते. पुढे वैद्यकाने या विकाराला तेर्सोंचे नाव दिले. लिटेन बिचारा बाजूला पडला. कीर्तीच्या दरबारात पहिला कोण आला याची नोंद नेहमीच नीट ठेवली जाते असे नाही.

मेंदूतले रक्त डोळ्यात कसे आले? प्रथम सर्वांना वाटले की मज्जातंतूच्या म्यानातून ते वाहत वाहत आले असावे. कल्पना सोपी होती, पण म्यान आणि डोळ्याचे पोट यांच्यामध्ये तशी उघडी वाट नाही. आज बहुतेक शास्त्रज्ञ निराळे कारण सांगतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते चटकन पटेल. मोटेचे पाणी पाटात पडत आहे आणि पाटाचे पुढचे तोंड कोणी एकाएकी बुजवले, तर काय होईल? मोट थांबत नाही, पाणी चढते, आणि कच्च्या जागी धुरा फोडून वावरात शिरते. डोळ्यात असेच घडते. फुगा फुटताच कवटीतला दाब क्षणार्धात चढतो. तो म्यानातून पुढे येऊन डोळ्यातून रक्त परत नेणारी शीर दाबतो. आत येणारे रक्त मात्र येतच राहते. मग पडद्यावरच्या केसाएवढ्या वाहिन्या तटतटून फुटतात. म्हणजे हे रक्त मेंदूतून आलेले नसून डोळ्याचेच असते, पण ते सांडते मेंदूच्या पुरामुळे.

येथे एक खुलासा केलेला बरा, नाहीतर घरोघरी घबराट व्हायची. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर कधी लालभडक ठिपका येतो. खोकल्याने, शिंकेने, नाहीतर कसल्याही कारणाशिवाय येतो आणि बहुधा पंधरा दिवसांत आपोआप जातो. तो हा विकार नव्हे. आपण ज्याविषयी बोलत आहोत ते रक्त बाहेरून दिसतच नाही. आरशात पाहून कळत नाही, आईला कळत नाही, पत्नीला कळत नाही. हेल्महोल्ट्झच्या वाटेने कोणीतरी आत डोकावले तरच ते कळते. या विकाराची सारी गोम येथेच आहे.

फुटलेल्या फुग्यावर इलाज शोधण्याची कथा मोठी रोमहर्षक आहे. चार्ल्स सिमंड्स नावाचा तरुण इंग्रज डॉक्टर १९२० नंतरच्या काही वर्षांत बोस्टनला विख्यात शल्यविशारद हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली होता. एका रोग्याला गाठ नसून रोहिणीविस्फार आहे, असे त्याने नुसत्या लक्षणांवरून सांगितले. शस्त्रक्रियेत ते खरे निघाले. कुशिंग यांनी शाबासकी दिली नाही. तुझा अंदाज योगायोगाने जमला की त्याला काही आधार होता, ते ग्रंथालयात बसून शोधून काढ, असे फर्मावले. त्या बैठकीतून सिमंड्सचा या रक्तस्रावावरचा प्रबंध तयार झाला. १९२७ साली पोर्तुगालच्या मोनीझने रक्तवाहिन्यांत औषध सोडून क्ष-किरणांनी त्यांचे चित्र घेण्याची रीत काढली. १९३१ साली एडिंबरोच्या नॉर्मन डॉटने रोग्याच्याच मांडीतला स्नायूचा तुकडा काढून फुटलेल्या फुग्याभोवती गुंडाळला. आणि २३ मार्च १९३७ रोजी बाल्टिमोरला वॉल्टर डँडीने फुग्याच्या मानेवर चांदीचा छोटा चाप बसवून तो कायमचा बंद केला. डँडीच्या त्या रोग्याचे वय त्रेचाळीस होते, आणि त्याचे दुखणे डोळ्यातच प्रकट झाले होते. डोळा फिरवणारा मज्जातंतू फुग्याखाली दबल्यामुळे त्याची पापणी खाली पडली होती. येथेही चुगली केली ती डोळ्यानेच.

वाचकांनी तारखा ताडून पाहाव्यात. डँडीचा चाप १९३७ चा, जमनालालजींचे निधन १९४२ चे. मध्ये पाच वर्षांचे अंतर. पण बाल्टिमोर आणि वर्धा यांमधले अंतर वर्षांनी मोजण्यासारखे नव्हते. नागपूरचे मेडिकल कॉलेज निघाले १९४७ साली. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग आपल्या देशात प्रथम वेल्लोरला, डॉक्टर जेकब चँडी यांनी १९४९ साली उघडला, आणि पुढच्याच वर्षी मद्रासला डॉक्टर राममूर्ती यांनी काम सुरू केले. जमनालालजींचा रक्तस्राव फुग्याचा होता असे मी सुचवीत नाही. सांगायचे इतकेच की, त्या दिवशी वर्धेत, नागपुरात किंवा मुंबईतही जगातला कोणताही धनिक असता, तरी त्याच्या थैलीने काही विकत मिळाले नसते.

पुढे दिवस पालटले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र काढले, आणि कवटी न उघडता आतले रक्त दिसू लागले. आज त्याला आपण नुसते सीटी म्हणतो, आणि तालुक्याच्या गावातले लोकही तो शब्द सहज वापरतात. १९९० नंतर गुलिएल्मीच्या पद्धतीने मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे भरता येऊ लागले. पूर्वी जे मेले असते ते वाचू लागले.

आणि माणसे वाचू लागली तेव्हाच तेर्सोंचा विकार खऱ्या अर्थाने पुढे आला. मेलेल्याच्या डोळ्यातले रक्त ही वैद्यकाची टिपणी होती. जिवंत माणसाच्या डोळ्यातले रक्त हा संसाराचा प्रश्न झाला. असे पाहा, घरातला कर्ता पुरुष, किंवा बहुधा घरची लक्ष्मीच (कारण हा फुगा स्त्रियांत अधिक आढळतो), महिनाभराने घरी येते. ती चाचपडते, ताट हाती लागत नाही, मुलगा समोर उभा असून ओळखत नाही. घरचे समजतात की डोक्याला मार बसला, स्मरण गेले. कोणी म्हणतो, बुद्धी फिरली. ती म्हणते, डोळ्यांपुढे काळे जाळे आहे, लाल धूर आहे. तर तिला वाटते तसे बोलू द्या म्हणून सोडून देतात. शेवटी म्हातारी माणसे समजूत घालतात, ‘डोये गेले तं गेले, जीव तं वाचला!’

या समजुतीत माया आहे, पण ती खरी नाही. पुष्कळदा डोळे गेलेले नसतात. मागचा पडदा शाबूत असतो, मज्जातंतू शाबूत असतो, मेंदूचा पाहणारा भागही शाबूत असतो. मधल्या काचेवर फक्त रक्ताचा पडदा पडलेला असतो. कंदील जळतो आहे, पण त्याची काच काजळली आहे, तसे. काजळलेल्या काचेसाठी कोणी कंदील फेकून देत नाही.

मात्र ही काच पुसणेही फार उशिरा साधले. तेर्सोंच्या लेखानंतर सत्तर वर्षे डॉक्टर रोग्याला एकच सांगू शकत होते, वाट पाहा. काहींचे रक्त महिन्यांनी आपोआप विरत असे, काहींचे कधीच विरत नसे. बुबुळातल्या त्या रसाला हात लावू नये, लावला तर डोळा बसतो, असा दंडक होता. १९७० साली अमेरिकेत मायामीच्या रॉबर्ट माकेमेरने तो मोडला. त्याने डोळ्याच्या बाजूने बारीक छिद्रातून एक लहानसे यंत्र आत घातले. ते रस कापून शोषून घेई आणि त्याच वेळी तितकेच पाणी आत सोडी, त्यामुळे डोळा बसत नसे. ही शस्त्रक्रिया पुढे सर्वत्र रूढ झाली. आजही डॉक्टर प्रथम काही काळ थांबून रक्त आपोआप विरते का ते पाहतात. ते विरले नाही, किंवा दोन्ही डोळे झाकलेले असले, तर शस्त्रक्रिया करतात, आणि पुष्कळांची दृष्टी चांगली परत येते. लहान मुलाच्या बाबतीत मात्र फार थांबून चालत नाही. वाढत्या वयात बंद राहिलेला डोळा पाहायला शिकायचेच विसरून जातो.

मग अडते कोठे? अडते पाहण्यापाशी. २००४ साली या विकारावरच्या जगभरच्या लेखांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. जेथे डॉक्टरांनी आधी ठरवून प्रत्येक रोग्याचे डोळे तपासले, तेथे शंभरांत तेरा जणांना हा विकार आढळला. जेथे मागाहून जुने कागद चाळून मोजदाद केली, तेथे शंभरांत फक्त तीन. या तफावतीची बरीचशी उकल एकच आहे: ज्यांच्या डोळ्यांत कोणी डोकावलेच नाही, त्यांची नोंद कागदावर कशी येणार? त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती गंभीर आहे. डोळ्यात रक्त उतरलेल्यांपैकी शंभरांत त्रेचाळीस दगावले, न उतरलेल्यांपैकी नऊ. म्हणजे हे रक्त दाब किती भयंकर चढला होता त्याची साक्ष देते. जो बेशुद्ध आहे, बोलू शकत नाही, त्याच्या वतीने त्याचा डोळा बोलतो. जो शुद्धीवर आला आहे, त्याला तो सांगतो की तू आंधळा झालेला नाहीस, उपाय आहे. एकच खूण, पण आधी धोक्याची आणि मग आशेची. पहिल्या तपासणीत ती दिसली नाही तरी काही दिवसांनी उमटू शकते, म्हणून पुन्हा पाहावे लागते.

वर्धेची गोष्ट वर्धेतच पुरी करू. कस्तुरबांचे १९४४ साली बंदिवासात निधन झाले. त्यानंतर सेवाग्रामला बिर्लांनी बांधलेल्या अतिथिगृहात गांधीजींच्या इच्छेने दवाखाना सुरू झाला, आणि त्याला कस्तुरबांचे नाव मिळाले. डॉक्टर सुशीला नय्यर यांनी तो वाढवला. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याच जागी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली, आणि खेड्यापाड्यांतल्या रोग्यांवर काम करीत शिकणारे विद्यार्थी तेथून बाहेर पडू लागले. १९९० साली जवळच सावंगीला दुसरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ज्या गावी १९४२ साली मेंदूच्या रक्तस्रावापुढे सगळे हतबल झाले होते, त्याच गावाच्या दोन बाजूंना आज डॉक्टर घडवणारी दोन रुग्णालये उभी आहेत. जमनालालजींच्या मागे जानकीदेवींनी शोक गिळून गोसेवेचे व्रत उचलले. ही माती दुःखातून काही उभे करणाऱ्यांची आहे.

तेव्हा या दिवाळीत वाचकांनी दोन गोष्टी गाठीला बांधाव्यात. घरात कोणाला एकाएकी, क्षणात, जन्मात झाली नाही अशी डोकेदुखी झाली, तर तेल चोळीत आणि लिंबू उतरवीत बसू नये. गाडी काढून मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा. आणि देवाच्या कृपेने आणि डॉक्टरांच्या हातगुणाने तो माणूस वाचला, तर घरी आणण्यापूर्वी हात जोडून एवढेच विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, याच्या डोळ्यांचे पडदे पाहिलेत का?’ हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. लिटेनपासून माकेमेरपर्यंत नव्वद वर्षांच्या खटाटोपाचे फळ त्या एका प्रश्नाने घरच्या माणसाच्या पदरात पडू शकते.